पत्रकारितेतील उत्कृष्टता : एक चिकित्सा

कंधारच्या या सभागृहात बोलायला उभं राहिलं की आम्हाला दडपण येतं. या तालुक्याला भाषण कसं करायचं हे कुणी शिकवायची गरज नाही. केशवराव धोंडग्यांनी विधानसभा हलवली ती याच मतदारसंघातून निवडून जाऊन. तेव्हा आम्ही वक्तृत्व करणार नाही. चाळीसेक वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, त्या सवयीनं एक शब्द हातात घेणार आणि तो उलटासुलटा करून बघणार. शब्द आहे 'उत्कृष्ट', आणि संदर्भ आहे उत्कृष्ट पत्रकारितेचे पुरस्कार आणि ते देणाऱ्या संस्था. या संस्था दोन कामं करतात. एक, पत्रकार घडवायचे. दोन, चांगल्या पत्रकाराचा गौरव करायचा. दोन्ही कामं चांगलीच आहेत, मग चिकित्सा कशाला, असं तुम्ही म्हणाल. चिकित्सा अशासाठी, की यातल्या दुसऱ्या कामात आमच्या हातून एकदा चूक झाली आहे. ती आम्ही आज सांगणार आहोत, पण जरा पुढं.

आधी थोडा इतिहास. 6 जानेवारी 1832 ला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढलं. म्हणून 6 जानेवारी हा आपला पत्रकार दिन. 'दर्पण' 1840 मध्ये बंद पडलं. त्यात एका बाजूला मराठी आणि एका बाजूला इंग्रजी मजकूर असायचा, म्हणजे राज्यकर्त्याला आणि प्रजेला एकच गोष्ट एकाच पानावर दिसावी. आरशाचं काम तेवढंच. आता आजचा 6 जानेवारी कसा साजरा होतो? तालुक्याच्या कोणत्याही गावी जा. पत्रकारांना शाल मिळते, श्रीफळ मिळतं, डायरी-पेन मिळतं. देतं कोण? तहसील देतं, पोलीस ठाणं देतं, बाजार समिती देते, कारखाना देतो. म्हणजे वर्षभर ज्यांच्यावर लिहायचं, ते एक दिवस आपल्या खांद्यावर शाल घालतात. शाल मोठी उबदार वस्तू आहे, आणि जानेवारीत थंडीही असते. पण आरशावर शाल घातली की आरशात काय दिसणार, हे आम्ही सांगायला नको.

मराठवाड्याला याच्या उलट परंपरा आहे. आ. कृ. वाघमाऱ्यांनी 1938 मध्ये 'मराठवाडा' काढलं ते पुण्यातून, कारण निजामी राज्यात ते काढणं शक्य नव्हतं. निजामानं बंदी घातली की ते नाव बदलून निघायचं. पुन्हा बंदी, पुन्हा नवं नाव. त्यांना कोण प्रशिक्षण देणार आणि कोण पुरस्कार? बंदी हाच त्यांचा पुरस्कार. पुढं अनंतराव भालेरावांनी ते पत्र औरंगाबादेत नावारूपाला आणलं. आज महाराष्ट्र शासन आपल्या विभागातल्या पत्रकाराला जो उत्कृष्ट पत्रकारितेचा पुरस्कार देतं, तो अनंतरावांच्या नावानं आहे. नाव योग्यच आहे. पण सरकारला टोचणाऱ्या माणसाच्या नावानं सरकारनं पुरस्कार द्यायचा आणि तो टोचणाऱ्यानं घ्यायचा, यातली विसंगती आपल्याला आता दिसेनाशी झाली आहे. पी. साईनाथांना ती दिसली. 2009 साली त्यांनी पद्मभूषण नाकारलं. ज्या सरकारवर आपण लिहितो त्याच्याकडून पत्रकारानं बक्षीस घेऊ नये, अशी त्यांची भूमिका. त्याआधी 2007 मध्ये त्यांनी मॅगसेसे घेतलं होतं. कुणी म्हणेल, एक घेतलं आणि एक नाकारलं, हे कसं? आम्हाला यात विसंगती वाटत नाही. प्रश्न पुरस्काराचा नसून देणाऱ्याचा आहे.

मग उपाय सोपा वाटतो. सरकारनं देऊ नये, सरकारपासून वेगळ्या, ना-नफा संस्थेनं द्यावा. आपल्या देशात याचं ठळक उदाहरण म्हणजे रामनाथ गोएंका पुरस्कार. रामनाथजींच्या जन्मशताब्दीच्या निमित्तानं त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठाननं 2006 मध्ये ते सुरू केले. आणीबाणी आल्यावर, 28 जून 1975 ला, 'इंडियन एक्स्प्रेस'नं अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. तेव्हा त्या नावाला वजन आहे. या पुरस्कारांत प्रादेशिक भाषांचा वेगळा विभाग आहे, हेही चांगलं. तरी दोन गोष्टी टोचतात.

पहिली, हे पुरस्कार बहुधा राष्ट्रपती, पंतप्रधान, केंद्रीय मंत्री अशांच्या हस्ते दिले जातात. 2016 मध्ये अक्षय मुकुल यांना गीता प्रेसवरच्या पुस्तकासाठी पुरस्कार होता. त्यांनी पुरस्कार नाकारला नाही, पण पंतप्रधानांच्या हातून घ्यायला ते गेले नाहीत. प्रकाशकानं तो स्वीकारला. म्हणजे संस्था खासगी, परीक्षक स्वतंत्र, पण हात शेवटी सत्तेचाच लागतो. का? कारण सत्तेचा हात लागल्याशिवाय गौरव झाल्यासारखं आपल्यालाच वाटत नाही. हा दोष एकट्या त्या संस्थेचा नाही, आपल्या मनाचा आहे.

दुसरी गोष्ट एका विभागाच्या नावाची. 'अनकव्हरिंग इंडिया इनव्हिजिबल'. न दिसणारा भारत उघड करणाऱ्या वार्तांकनासाठी. हेतू अगदी निर्मळ. पण आम्ही कंधारात बसून विचारतो, न दिसणारा कुणाला? कंधार कंधारला दिसतंच. मन्याडला पाणी आहे की नाही, हे इथल्या माणसाला सकाळी उठल्या उठल्या दिसतं. राष्ट्रकूटांच्या काळात ही नगरी सगळ्यांना दिसत होती, आता दिल्लीला दिसत नाही. तेव्हा 'अदृश्य' हा गुण कंधारचा नसून बघणाऱ्या डोळ्याचा आहे. आणि जो डोळा बाहेरून येतो, त्याला काय दिसतं? जे त्याला नवं असतं, ते. जे इथल्या माणसाला महत्त्वाचं असतं, ते दिसेलच असं नाही.

याचं उदाहरण तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. एप्रिल 2016. लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. 12 तारखेला पहिली गाडी, दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. देशभरचे कॅमेरे लातूर स्टेशनवर. बातमी खरी होती, छायाचित्रं उत्तम होती. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, तेही छापून आलं. पण मांजरा धरण कोरडं का पडलं, त्या खोऱ्यात ऊस किती, त्याला पाणी कुठून आणि कुणाच्या परवानगीनं, हा प्रश्न विचारणारे फार थोडे. कारण रेल्वेचं छायाचित्र निघतं. पाणीवाटपाच्या फायलीचं छायाचित्र निघत नाही, आणि निघालं तरी कुणी बघत नाही.

आता तत्त्वज्ञानाकडं येतो. घाबरू नका, फार वेळ घेणार नाही. न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत, त्यांना प्रमाणं म्हणतात. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. 'शब्द' म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. विचार करा, आपल्याला जगाबद्दल जे काही माहीत आहे त्यातलं किती आपण स्वतः पाहिलंय? रुपयात पाच पैसे. बाकी सगळं कुणीतरी सांगितलेलं. वर्तमानपत्र म्हणजे शब्दप्रमाणाचा रोजचा रतीब. मग कुणाचा शब्द प्रमाण मानायचा? नैयायिक म्हणतात, आप्ताचा. आप्त म्हणजे इथं नातेवाईक नव्हे. ज्यानं गोष्ट स्वतः नीट जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. दोन अटी आहेत. एक जाणण्याची, एक सांगण्याच्या दानतीची. न्यायसूत्रांवर भाष्य करणारा वात्स्यायन पुढं मोठी गंमत करतो. तो सांगतो की हे लक्षण ऋषीला लागू होतं, आर्याला होतं आणि म्लेच्छालाही होतं. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीचा हा पंडित सांगतोय की आप्तता ना जातीवर ठरते ना पदावर. दिल्लीचा संपादक आप्त असू शकतो, तसाच पेठवडजचा किंवा फुलवळचा वार्ताहरही असू शकतो.

या दोन अटी घेऊन संस्थांकडं बघा. प्रशिक्षण पहिल्या अटीसाठी, जाणण्यासाठी. पुरस्कार दुसऱ्या अटीसाठी, दानतीला बळ मिळावं म्हणून. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जोसेफ पुलित्झर 1911 मध्ये वारला. त्याच्या पैशातून कोलंबिया विद्यापीठात 1912 ला पत्रकारितेचं विद्यालय निघालं आणि 1917 पासून पुरस्कार सुरू झाले. एकाच माणसाच्या पैशातून शाळाही आणि बक्षीसही. आणि हा तोच पुलित्झर, ज्याच्या वृत्तपत्रानं खप वाढवण्यासाठी भडक बातम्यांची शर्यत लावली होती. प्रायश्चित्त म्हणा, काहीही म्हणा, पण कल्पना टिकली.

या पुलित्झरला 1981 मध्ये एक धक्का बसला. 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या जॅनेट कुक या तरुण बातमीदार बाईंनी आठ वर्षांच्या एका मुलाची कहाणी लिहिली होती. त्या कोवळ्या हातात हेरॉइनची सुई टोचली जाते, असं वर्णन. वाचणारे हादरले. शहराच्या पोलिसांनी मुलाला शोधलं, सापडला नाही. तरी लेखाला पुरस्कार मिळाला. आणि पुरस्कार मिळाल्यामुळंच बाईंचा परिचय इतर पत्रांत छापून आला, त्यातली शिक्षणाची माहिती खोटी निघाली, मग चौकशी झाली, आणि मुलगाच अस्तित्वात नाही हे बाहेर आलं. पुरस्कार दोन दिवसांत परत केला गेला. आम्ही हे प्रकरण वर्गात नीतिशास्त्र शिकवताना सांगायचो. मुलांना विचारायचो, चूक कुणाची? मुलं म्हणायची, बाईची. आम्ही म्हणायचो, बरोबर. पुढचा प्रश्न आम्ही कधी विचारलाच नाही. परीक्षकांनी नक्की कशाला बक्षीस दिलं होतं?

तो प्रश्न आमच्याच अंगावर आला. काही वर्षांपूर्वी एका संस्थेनं आम्हाला ग्रामीण वार्तांकनाच्या स्पर्धेचं परीक्षक नेमलं. संस्थेचं नाव घेत नाही, कारण दोष आमचा आहे. तिघे परीक्षक होतो. शेवटी दोन कात्रणं उरली. एक होतं बालाघाटाच्या डोंगरातल्या एका तांड्यावरचं. एक बाई, डोक्यावर दोन हंडे, पहाटेचा चांदणा, पायात काटा, घरी तापानं फणफणलेलं लेकरू. भाषा अशी की आमच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरं कात्रण त्याच भागातलं. शुद्धलेखनाच्या चुका. वाक्यं अर्धवट. पण त्या पोरानं टँकरचं लॉगबुक मिळवलं होतं. कागदावर दिवसाला चार खेपा आणि तांड्यावर येतात दोन. अकरा दिवसांच्या तारखा, गाडी किती वाजता आली, कुणी पाहिली, सगळं खाली लिहिलेलं. शेवटी एक ओळ, की ग्रामसेवकाला विचारलं तर त्यांनी उत्तर दिलं नाही.

आम्ही पहिल्या कात्रणाला बक्षीस दिलं. तिघांचं एकमत. समारंभात आम्हीच त्या लेखातला उतारा वाचून दाखवला, टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर एक मुलगा जवळ आला. म्हणाला, "सर, मी त्या तांड्यावरचाच हाव. ती बाई आमच्यात नाही." आम्ही म्हटलं, नाव बदललं असेल. तो म्हणाला, "नाव नाही सर, बाईच नाही. तशा धा-पंधरा बाया हायत, तेंच्यातलं थोडं थोडं घेऊन एक केलीय. आन् ते बातमीदार आले व्हते दुपारी, जेवून गेले. पहाटं कोण व्हतं तिथं?" मग जरा थांबून म्हणाला, "पर टँकरचं जे दुसऱ्यानं लिव्हलंय, ते खरंय बघा."

आम्ही काय केलं? काहीच नाही. घरी आलो. संस्थेला कळवावं असं वाटलं, मग वाटलं कशाला वाद. आयुष्यभर सत्य या विषयावर व्याख्यानं देणारा माणूस, एक पोस्टकार्ड लिहू शकला नाही. ते दुसरं कात्रण लिहिणारा मुलगा पुढं पत्रकारितेतून बाहेर पडला, ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं असं समजलं. त्याला बक्षीस मिळालं असतं तर तो टिकला असता, असं म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण त्याला जे मिळायचं होतं ते आम्ही दुसऱ्याला दिलं, एवढं खरं.

याचा आम्ही पुष्कळ विचार केला. आमची चूक भाषेला भुलण्याची होती, पण तेवढीच नव्हती. नैयायिकांचं आणखी एक म्हणणं आहे. ज्ञान खरं की खोटं हे त्या ज्ञानाकडं नुसतं बघून कळत नाही, त्यावर विसंबून कृती केली की कळतं. दूरवर पाणी दिसलं. ते पाणी की मृगजळ? जवळ जा, ओंजळ भरा, तहान भागली तर पाणी. आम्ही ती कात्रणं खोलीत बसून, पंख्याखाली वाचली. तहान कुणालाच नव्हती. ज्याला तहान होती तो तांडा परीक्षक मंडळात नव्हता. पहिला लेख वाचून वाचक रडला, आणि रडून झाल्यावर करायला काही उरलं नाही. दुसरी बातमी हातात घेऊन तांड्यावरचा माणूस तहसीलदाराकडं जाऊ शकत होता. उत्कृष्ट बातमीची आमची व्याख्या आज एवढीच आहे. ज्यांच्याबद्दल ती लिहिली, त्यांच्या हाताला जी उपयोगी पडते, ती.

आता प्रशिक्षणाबद्दल. जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यशाळा होतात. मोबाइलवर व्हिडिओ कसा काढायचा, मथळा कसा द्यायचा, हे शिकवतात. शिकवा. पण तालुक्याचा वार्ताहर जगतो कशावर हे आधी बघा. पुष्कळांना पगार नसतो. जाहिरातीवर कमिशन असतं. पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात आणायची आणि त्याच पुढाऱ्याच्या रस्त्याच्या कामाची बातमी द्यायची, हे एकाच माणसानं करायचं. त्याला नीतीचे पाठ देणं म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचं महत्त्व सांगणं. त्याला शिकवायचंच तर लॉगबुक वाचायला शिकवा, रोजगार हमीचा हजेरीपट आणि कामाची मोजमाप पुस्तिका ताडून बघायला शिकवा, 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचा अर्ज आणि त्यावरचं अपील लिहायला शिकवा. आणि शिकवून झालं की त्याला वेळ द्या.

वेळ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. पुरस्कार काम झाल्यावर येतो, गरज असते काम सुरू होण्याआधी. साईनाथांचंच बघा. 1993 मध्ये त्यांना एक अभ्यासवृत्ती मिळाली, म्हणून ते पाच राज्यांतल्या दहा गरीब जिल्ह्यांत हिंडू शकले. त्या हिंडण्यातून 1996 चं पुस्तक आलं, मराठीत 'दुष्काळ आवडे सर्वांना'. बक्षिसं नंतर आली. पुढं 20 डिसेंबर 2014 ला त्यांनी 'पारी' सुरू केलं, ग्रामीण भारताचं लोकांचं दफ्तर. ते एका न्यासामार्फत चालतं, अभ्यासवृत्ती देतं, विद्यार्थ्यांना गावात पाठवून लिहायला शिकवतं, आणि मराठीसकट अनेक भाषांत मजकूर देतं. शिकवणं आणि वेळ देणं या दोन्ही बाबतींत आम्हाला तो नमुना चांगला वाटतो. तरी त्याचीही मर्यादा सांगितली पाहिजे. दफ्तर म्हणजे जपून ठेवायची वस्तू. शंभर वर्षांनी कुणी बघेल तर आपल्या बाया कशा राबत होत्या ते कळेल. पण तांड्याला टँकरची बातमी सोमवारी हवी, कारण मंगळवारी ग्रामसभा आहे. हे काम दफ्तर करू शकत नाही, ते इथल्याच माणसाला करावं लागतं.

कुणी म्हणेल, मग पुरस्कार बंदच करा. आम्ही तसं म्हणत नाही. त्याला एक कारण आहे. 2017 मध्ये महाराष्ट्रानं पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. पत्रकार संघटनांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला. तरी फेब्रुवारी 2023 मध्ये राजापुरात शशिकांत वारिशे या बातमीदाराला गाडीखाली चिरडलं गेलं. रिफायनरीच्या वादावर ते लिहीत होते. ते गेल्यावर राज्यभर त्यांचं नाव झालं. लहान गावात लिहिणारा माणूस एकटा असतो. त्याचं नाव बाहेर चार लोकांना माहीत असलं, तर हात उचलणारा थोडा विचार करतो. हे पुरस्काराचं खरं मोल. शाल मानासाठी नको, ढालीसाठी हवी. आणि ढाल लढाई संपल्यावर देऊन उपयोग नाही.

म्हणून संस्थांकडं आमचं मागणं फार मोठं नाही. बक्षीस देण्याआधी कुणीतरी त्या गावाला एक चक्कर मारावी, दिवसाचा एसटीचा प्रवास आहे. परीक्षकांत ज्या भागातली बातमी आहे तिथला एक माणूस बसवावा, मग तो बातमीदार नसला तरी चालेल. पुरस्काराची अर्धी रक्कम पुढच्या कामासाठी आगाऊ द्यावी. ज्यानं स्वतःची चूक स्वतः छापून दुरुस्त केली, त्याचाही एखाद्या वर्षी सत्कार करावा. आणि शाल घालायला मंत्री बोलवू नये. तांड्यावरची एखादी बाई बोलवावी, खरी असलेली.

आम्ही परवा ते न लिहिलेलं पत्र लिहिलं. उशीर फार झाला, संस्थेचं उत्तर अजून आलेलं नाही. त्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानातही जाऊन आलो. त्याला सगळं सांगितलं, माफी मागितली. तो हसला, म्हणाला, "सर, जाऊ द्या, त्याला लई दिवस झाले." मग गल्ल्याखालून एक वही काढली. टँकर बंद झाले तरी पोरगा अजून नोंदी ठेवतो. आता रेशनच्या दुकानाच्या. आम्ही विचारलं, छापणार कोण? तो म्हणाला, ते बघू, आधी खरं काय ते तर लिहून ठेवतो.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. मागच्या रांगेत वार्ताहर मंडळी बसलीत, पहिला प्रश्न त्यांचा.